इंडेक्स टाकण्याआधी त्याला काय जमत नाही ते बघा

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चुकीच्या प्रकारचा इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) टाकताना सहसा कोणी अडवत नाही. इंडेक्स बनतो, डिस्कवर जागा घेतो, प्रत्येक इन्सर्टमागे थोडा वेळ खातो आणि क्वेरी मात्र पूर्वीसारखीच अख्खं टेबल वाचत राहते. एरर नाही, इशारा नाही. म्हणून माझा आग्रह असा की इंडेक्सचा प्रकार निवडताना त्याला काय जमतं हे नंतर वाचा, काय जमत नाही ते आधी बघा.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊस नोंद, वजनकाटा आणि बिलाच्या डेटाबेसचं काम बघते. खालची सगळी उदाहरणं त्याच धाटणीच्या टेबलांवर आहेत. मोठं टेबल ‘पावती’ : पावती क्रमांक, सभासद क्रमांक, गाडी क्रमांक, गाव, वाण, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, बिल झालं की नाही. दुसरं ‘सभासद’ : क्रमांक, नाव, गाव. गाळप हंगामात काटा चोवीस तास चालू असतो आणि मागे गाड्यांची रांग असते, त्यामुळे पावती टेबलवर आपण जे काही लादू त्याचा भार थेट रांगेवर पडतो.

सुरुवात एक्स्प्लेनने, म्हणजे क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या आज्ञेने करायची. इंडेक्स बनवण्याआधी आणि बनवल्यानंतर तीच क्वेरी ‘एक्स्प्लेन (ॲनलाइझ, बफर्स)’ लावून चालवा आणि दोन्ही उत्तरं जपून ठेवा. दोन गोष्टी सांभाळा. ॲनलाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते, त्यामुळे अपडेट किंवा डिलीट तपासत असाल तर ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करा. आणि चाचणीच्या टेबलात शंभर ओळी असतील तर निष्कर्ष काढू नका. एवढ्याशा टेबलाला प्लॅनर (क्वेरीचा मार्ग ठरवणारा भाग) सगळं वाचणंच पसंत करतो आणि त्याचं बरोबरच असतं. डेटा हंगामाइतका भरा, मग बघा.

हॅश : फक्त ‘बरोबर’

“ताई, गाडी नंबर तर नेहमी पूर्णच टाकतात ना, मग हॅश इंडेक्स टाकू का? तो जलद असतो म्हणे.” आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने हे विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

हॅश इंडेक्स किंमत साठवत नाही, त्या किमतीपासून काढलेला चार बाइटचा आकडा साठवतो. त्याच्या सगळ्या मर्यादा इथूनच निघतात. मूळ किंमत नसल्यामुळे लहान-मोठं ठरवता येत नाही. म्हणजे ‘पेक्षा जास्त’, ‘बिटवीन’, ‘ऑर्डर बाय’, ‘लाइक’ यांतलं काहीच चालत नाही. दोन वेगळ्या किमतींचा आकडा एकच येऊ शकतो, म्हणून टेबलातली ओळ काढून खात्री करावीच लागते. त्यामुळे इंडेक्स ओन्ली स्कॅन (टेबल न उघडता इंडेक्समधूनच उत्तर) कधीच मिळत नाही. एकापेक्षा जास्त कॉलम घेता येत नाहीत आणि युनिक करता येत नाही. या शेवटच्या दोन बाबतीत पोस्टग्रेस निदान तोंडावर एरर देतं.

काट्यावर पूर्ण गाडी नंबर टाकतात हे खरं. पण शेतकी विभागाचा माणूस एखाद्या आरटीओ कार्यालयाच्या सगळ्या गाड्या बघायला नंबरची सुरुवात टाकतो, आणि वाहतूक बिलाला तोच कॉलम क्रमाने लागतो. गाडी नंबर दहा अक्षरांचा. एवढ्या छोट्या किमतीसाठी हॅशचा वेग बी-ट्रीपेक्षा (पोस्टग्रेसचा नेहमीचा, क्रमाने लावलेला इंडेक्स) जाणवण्याइतका वेगळा नसतो, आणि कॉलमचं कोलेशन (मजकुराचा क्रम ठरवणारा नियम) ‘सी’ ठेवलं तर बी-ट्री वरची तिन्ही कामं एकटा करतो; कोलेशनबद्दल पुढे येईलच. तिथे मी बी-ट्रीच ठेवते.

मग हॅश कुठे? किंमत लांबलचक आहे आणि विचारणा फक्त ‘हीच आहे का’ एवढीच आहे, तिथे. क्यूआर कोडमध्ये छापलेली डिजिटल सहीची लांब ओळ हे चांगलं उदाहरण. बी-ट्री ती अख्खी ओळ साठवेल, हॅशला चार बाइट पुरतात, मग ओळ केवढीही असो. अशा कॉलमवर युनिकपणाही हवा असेल तर ‘एक्सक्लूड यूजिंग हॅश (कॉलम विथ =)’ असं बंधन घालता येतं. पण त्याची किंमत लक्षात घ्या: त्या कॉलमकडे फॉरेन की लावता येत नाही, आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ चालत नाही, फक्त ‘डू नथिंग’ चालतं.

जुन्या सर्व्हरवर असाल तर आवृत्ती तपासा. ९.६ पर्यंत हॅश इंडेक्सचे बदल वॅल लॉगमध्ये (प्रत्येक बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीत) लिहिलेच जात नव्हते. वीज गेली आणि सर्व्हर आपटला की इंडेक्स भरवशाचा राहत नसे, आणि रेप्लिकावर (सर्व्हरच्या चालू प्रतीवर) तो पोहोचतच नसे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. इंटरनेटवर ‘हॅश वापरूच नका’ असा जो सल्ला दिसतो तो बराचसा त्याआधीचा आहे. आजच्या आवृत्तीत हॅश सुरक्षित आहे. मर्यादित मात्र तेवढाच आहे.

बी-ट्री : सगळ्यांचा लाडका, पण मराठी मजकुरावर जपून

नुसतं ‘क्रिएट इंडेक्स’ म्हटलं की मिळतो तो बी-ट्री. दहातली नऊ कामं त्याने भागतात, म्हणूनच त्याच्या मर्यादा कोणी वाचत नाही.

पहिली मर्यादा कॉलमच्या क्रमाची. (सभासद क्रमांक, वेळ) असा इंडेक्स असेल तर ‘या सभासदाच्या जानेवारीतल्या पावत्या’ क्षणात निघतात. ‘काल रात्रीच्या सगळ्या पावत्या’ मात्र त्याच्यावर नीट निघत नाहीत, कारण वेळ ही सभासदाच्या आत लावलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीत स्किप स्कॅन (पहिल्या कॉलमची अट नसतानाही इंडेक्स वापरणं) आलाय; पहिल्या कॉलममध्ये मोजक्याच वेगवेगळ्या किमती असतील तर त्याचा उपयोग होतो. सभासद हजारो असतात, तिथे त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरी, कॉलमवर फंक्शन लावलं की साधा इंडेक्स बाजूला पडतो. ‘डेट(वेळ) = ५ जानेवारी’ असं लिहिण्याऐवजी ‘वेळ ५ जानेवारीपासून, ६ जानेवारीच्या आत’ असं लिहा. नवीन इंडेक्स न टाकता काम होतं. फंक्शनवरच इंडेक्स हवा असेल तर ते फंक्शन इम्यूटेबल, म्हणजे त्याच किमतीला नेहमी तेच उत्तर देणारं लागतं, आणि टाइमझोनसह वेळेचं नुसतं ‘डेट’ तसं नाही, कारण उत्तर सेशनच्या टाइमझोनवर ठरतं. ‘ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता’ असं आत स्पष्ट लिहून मग तारीख काढली तर पोस्टग्रेस मान्य करतं.

तिसरी मर्यादा लांबीची. बी-ट्रीमध्ये एक नोंद पानाच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा मोठी चालत नाही. आठ केबीच्या पानावर आताच्या आवृत्त्यांत ती हद्द २७०४ बाइट आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. म्हणजे नऊशे चिन्हांच्या आसपास मजल संपते. ‘शेरा’ कॉलमवर इंडेक्स टाकलेला असेल तर तो बनताना काही होत नाही. पुढे कधीतरी कोणी लांब शेरा लिहिला की ते इन्सर्टच एरर देऊन फसतं. चाचणीत हे सापडणंही अवघड, कारण तोच शब्द पाचशे वेळा लिहून बघितला तर पोस्टग्रेस तो दाबून लहान करतं आणि नोंद बसते. खराखुरा, न दबणारा मजकूर घालून बघा. तेवढा मजकूर नेमका शोधायचाच असेल तर ‘एमडी५(शेरा)’ वर इंडेक्स टाका किंवा वर सांगितलेला हॅश घ्या.

आता मराठीचं. हा भाग मी कुठे नीट लिहिलेला पाहिला नाही, म्हणून इथे जास्त थांबते.

डेटाबेसचं कोलेशन ‘सी’ सोडून दुसरं काहीही असेल तर ‘नाव लाइक पाटील%’ या शोधाला साधा बी-ट्री वापरला जात नाही. भाषेप्रमाणे लावलेला क्रम आणि अक्षरशः सुरुवात जुळणं या दोन गोष्टी एक नाहीत. उपाय म्हणजे त्याच कॉलमवर ‘टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स’ लावून दुसरा इंडेक्स. हा इंडेक्स सुरुवातीवरून शोधतो आणि ‘बरोबर’ही चालवतो, पण यादी मराठी क्रमाने लावायला तो उपयोगाचा नाही, कारण तो चिन्हांच्या सांकेतिक क्रमानेच चालतो. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, शाळेत शिकलो तसा ह नंतर नाही. सभासदांची छापील मतदार यादी लावताना हे लोकांच्या चटकन नजरेत येतं. म्हणून यादीला एक इंडेक्स आणि शोधाला दुसरा, असे दोन्ही ठेवावे लागतात. सभासद टेबल लहान असतं, ते परवडतं.

याहून अवघड गोष्ट अशी की इंडेक्स बाइट बघतो, डोळ्यांना दिसणारं अक्षर बघत नाही. गावाचं नाव ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ असं दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं चिन्ह आणि त्याला हलंत; दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. डेटाबेसला दोन वेगळी गावं. मग एका गटकार्यालयाने भरलेल्या पावत्या सापडतात, दुसऱ्याच्या सापडत नाहीत, आणि संशय इंडेक्सवर जातो. १३ व्या आवृत्तीपासून ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन आहे, पण तो जोडक त्याने जात नाही. इथे ‘रिप्लेस’ वापरा: जोडकाचा तो तीन चिन्हांचा तुकडा ऱ आणि हलंतात बदला, आणि त्या राशीवरच (एक्स्प्रेशनवर) इंडेक्स टाका. रिप्लेस इम्यूटेबल आहे, त्यामुळे अडचण येत नाही. क्वेरीतही नेमकी तीच रास लिहावी लागते, शब्दाला शब्द, नाहीतर प्लॅनर इंडेक्सकडे बघत नाही. त्याहून चांगलं म्हणजे भरतानाच ट्रिगरने एकरूप करून ठेवणं. शेतकऱ्याचं बिल गावावरून निघत असेल तर हे काम मागे ठेवू नका.

आणि एक, ज्याची जाहिरात व्हायला हवी. मजकुरावरचा बी-ट्री ज्या क्रमाने लावलेला असतो तो क्रम अनेकदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसी लायब्ररीकडून येतो. २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. लिनक्सच्या डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर जाताना जुनी डेटा फोल्डर तशीच उचलून नेली, तर इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोध नव्या क्रमाने, असं होतं. ओळ असून सापडत नाही, युनिक कॉलममध्ये दुबार नोंद शिरते. सर्व्हर बदलला की मजकुरावरचे सगळे इंडेक्स ‘रीइंडेक्स’ करा. ‘ॲमचेक’ एक्स्टेंशनने तपासताही येतात.

मधलं अक्षर शोधायचं असेल तर

‘%जाधव%’ असा मधला शोध बी-ट्रीला कुठल्याच रूपात जमत नाही. त्यासाठी ‘पीजी_टीआरजीएम’ एक्स्टेंशन आणि जिन इंडेक्स. मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून तो साठवतो. शोधात तीन सलग चिन्हं नसतील तर त्याच्या हाती धरायला काही राहत नाही. ‘%रा%’ म्हणजे र आणि काना, दोनच. शोधाच्या चौकटीतच किमान लांबीची अट घाला.

मराठी डेटावर हा इंडेक्स टाकण्याआधी ‘शो_टीआरजीएम’ला एखादं नाव देऊन बघा. कोणतं चिन्ह अक्षर मानायचं हे तो लोकेलवरून (डेटाबेसच्या भाषेच्या सेटिंगवरून) ठरवतो. डेटाबेस सगळाच्या सगळा ‘सी’ लोकेलमध्ये उभारलेला असेल तर देवनागरी नावाला बहुधा रिकामी यादी येते, आणि मग इंडेक्स असून नसल्यासारखा. तुकड्यांच्या जागी हेक्साडेसिमल आकडे दिसले तर घाबरू नका. बहुबाइट तुकडे तो त्याच रूपात ठेवतो.

जिनला क्रम लावता येत नाही, युनिक होत नाही, आणि ‘सगळ्यात मिळतंजुळतं नाव आधी’ अशी मांडणीही त्याच्याकडून होत नाही. ती हवी असेल तर त्याच एक्स्टेंशनचा जिस्ट प्रकार घ्या. लिहिण्याचा खर्चही वेगळ्या तऱ्हेचा आहे. नव्या नोंदी आधी एका प्रलंबित यादीत पडतात, ती ठरलेल्या मापाची, म्हणजे मुळात चार एमबीची झाली की त्या क्षणी आलेल्या इन्सर्टला सगळी यादी इंडेक्समध्ये घालण्याचा भुर्दंड पडतो. काट्यावर एखादीच पावती विनाकारण अडकल्यासारखी वाटते ती अशी. जिन सभासद टेबलवर टाका, पावती टेबलवर नको.

ब्रिन : ओळी जशा पडल्या तशाच राहिल्या तरच

९.५ मध्ये आलेला ब्रिन मला मनापासून आवडतो, आणि त्याच्याबद्दलच लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते. तो प्रत्येक ओळ नोंदवत नाही. दप्तराच्या गठ्ठ्यावर ‘अमुक ते अमुक तारीख’ अशी चिठ्ठी असावी, तसा तो टेबलाच्या १२८ पानांच्या, म्हणजे एक एमबीच्या प्रत्येक तुकड्याची सगळ्यात लहान आणि मोठी किंमत तेवढी लिहून ठेवतो. म्हणून कित्येक जीबीच्या टेबलावर तो काही केबीत मावतो. काट्यावरच्या पावत्या वेळेच्या क्रमानेच पडतात, त्यामुळे ‘वेळ’ कॉलमला तो उत्तम. सभासद क्रमांकाला निरुपयोगी, कारण प्रत्येक तुकड्यात लहान-मोठे सगळे सभासद असतात आणि तो एकही तुकडा वगळू शकत नाही.

टाकण्याआधी ‘पीजी_स्टॅट्स’मध्ये त्या कॉलमचा ‘कोरिलेशन’ आकडा बघा. १ च्या जवळ असेल तर पुढे जा. शून्याच्या आसपास असेल तर थांबा.

आज जवळ असलेला आकडा उद्या राहील असं नाही, हे मुख्य. समजा हंगाम संपल्यावर कोणी जुन्या हंगामाच्या पावत्या डिलीट केल्या. व्हॅक्यूमने (डिलीट झालेल्या ओळी साफ करणाऱ्या कामाने) ती जागा मोकळी केली. नव्या हंगामाच्या पावत्या त्या मोकळ्या जागेत, टेबलाच्या मधोमध पडू लागल्या. आता एकाच तुकड्यात तीन वर्षांपूर्वीची आणि आजची पावती शेजारी, आणि मधल्या कुठल्याही तारखेचा शोध त्या तुकड्यात शिरणार. एक्स्प्लेनमध्ये ‘रोज रिमूव्ह्ड बाय इंडेक्स रीचेक’ हा आकडा फुगलेला दिसला तर हेच झालंय. यावर चांगला मार्ग म्हणजे हंगामवार पार्टिशन (टेबलाचे हंगामाप्रमाणे वेगळे भाग): जुना हंगाम डिलीट करायचा नाही, अख्खं पार्टिशन काढून ठेवायचं. नेटवर्क नसताना साठवलेल्या आणि उशिरा चढवलेल्या पावत्यांनीही हेच होतं. थोड्या असतील तर चालतं. नेहमीच्याच असतील तर १४ व्या आवृत्तीपासूनचा ‘मिनमॅक्स मल्टी’ प्रकार बघा, तो अशा तुरळक फटकून पडलेल्या किमती सहन करतो.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. टेबलाच्या शेवटी नव्याने भरलेल्या तुकड्यांचा सारांश लगेच लिहिला जात नाही. व्हॅक्यूम झाल्यावर लिहिला जातो. तोवर ते तुकडे प्रत्येक शोधात वाचले जातात. आजच्याच पावत्या सारख्या लागत असतील तर इंडेक्स बनवताना ‘ऑटोसमराइझ’ चालू करा, मुळात ते बंद असतं.

जिस्टबद्दल थोडक्यात. एका ट्रॅक्टरचे दोन वाहतूक करार एकाच काळात नकोत, असं बंधन घालायला तो योग्य. पण साधं ‘बरोबर’ त्याला मुळात येत नाही, म्हणून गाडी क्रमांक आणि कालावधी एकत्र घ्यायचे तर ‘बीट्री_जिस्ट’ एक्स्टेंशन आधी बसवावं लागतं.

पार्शल इंडेक्स मात्र पावती टेबलवर सोन्यासारखा. ‘बिल झालं नाही’ एवढ्याच पावत्यांवर इंडेक्स ठेवला की पंधरवड्याच्या बिलाला तो पुरतो आणि छोटा राहतो. अट क्वेरीत उघड लिहिलेली हवी. ती पॅरामीटरमधून पाठवली आणि प्लॅन सर्वसाधारण (सगळ्या किमतींना एकच) झाला, तर प्लॅनरला अट सिद्ध करता येत नाही आणि इंडेक्स सुटतो. आणि ‘वाण’ कॉलमवर इंडेक्स टाकून को ८६०३२ शोधत असाल, तर बहुतेक ऊस त्याच वाणाचा असलेल्या भागात प्लॅनर टेबलच वाचेल. त्याला वाचू द्या.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी एक सावधगिरी: इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण इंजिनात) ‘यूजिंग हॅश’ लिहिलं तर ते मान्य होतं, पण बनतो बी-ट्रीच. ‘शो इंडेक्स’ चालवून खात्री करा. किल्लीची हद्द तिथे ३०७२ बाइट, म्हणजे यूटीएफ८एमबी४ मध्ये ७६८ चिन्हं. जुन्या रो फॉरमॅटमध्ये ७६७ बाइट, म्हणजे जेमतेम १९१.

चालू काट्यावर इंडेक्स बनवताना आणि काढताना

साधं ‘क्रिएट इंडेक्स’ चालू असताना टेबल वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणजे पावती निघणार नाही. हंगामात नेहमी ‘कन्करंटली’ लावा. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, वेळ जास्त घेतं, आणि मध्येच फसलं तर मागे ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स राहतो. तो शोधांना उपयोगी पडत नाही, पण लिहिताना भार मात्र देत राहतो. ‘पीजी_इंडेक्स’मध्ये ‘इंडिसव्हॅलिड’ खोटं असलेले शोधून काढून टाका.

वापरात नसलेले इंडेक्स ‘पीजी_स्टॅट_युजर_इंडेक्सेस’मधल्या ‘आयडीएक्स_स्कॅन’ने कळतात, १६ व्या आवृत्तीपासून शेवटचा वापर कधी झाला तेही दिसतं. शून्य दिसलं म्हणून लगेच हात घालू नका. प्रायमरी की आणि युनिक इंडेक्स शून्य दाखवत असले तरी बंधन तेच सांभाळत असतात. रेप्लिकावर रिपोर्ट चालत असतील तर तिथली मोजणी वेगळी असते, तीही बघा. काही इंडेक्स फक्त हंगामाअखेरीला, अंतिम बिलं आणि वाहतुकीचा हिशेब काढताना लागतात, त्यामुळे निर्णय एक पूर्ण हंगाम उलटल्यावर घ्या. मग त्या इंडेक्सची व्याख्या ‘पीजी_गेट_इंडेक्सडेफ’ने काढून फाइलमध्ये ठेवा आणि ‘ड्रॉप इंडेक्स कन्करंटली’ चालवा.